नियम आणि मार्गदर्शन : डेबियन प्रकल्पाच्या धोरणपुस्तिकेची पुनर्रचना

प्रस्तावना

वसई तालुक्यातील आचोळे गावच्या एखाद्या जमिनीचा सातबारा उतारा पाहिला, तर त्याच्या नावातच दोन स्वतंत्र नमुने एकत्र आलेले आढळतात. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेखाचा, तर गाव नमुना बारा हा पिकांच्या नोंदीचा. मुंबई इलाख्यात गावपातळीवरील महसुली लेखे क्रमांकित नमुन्यांत बांधले गेले आणि ते कसे भरावेत याचे विवेचन करणारी नियमपुस्तिका ‘अँडरसन मॅन्युअल’ या नावाने महसूल खात्यात रूढ झाली. आचोळे २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत आले. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन ते पालघर जिल्ह्यात समाविष्ट झाले. उताऱ्यावरील जिल्ह्याचे नाव बदलले. नमुन्याचा क्रमांक मात्र बदलला नाही. या व्यवस्थेत कायदा एका ग्रंथात आहे आणि नोंद कशी करावी याचे मार्गदर्शन दुसऱ्या ग्रंथात. तलाठ्याच्या दैनंदिन कामात दुसऱ्या ग्रंथाचा वापर अधिक होतो. परंतु वाद उद्भवल्यास निवाडा पहिल्यावरून होतो.

बंधनकारक नियम आणि उपयुक्त मार्गदर्शन ही दोन्ही एकाच पुस्तकात असावीत की वेगवेगळ्या, हा प्रश्न महसूल खात्यापुरता मर्यादित नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस तो सर्वस्वी वेगळ्या क्षेत्रात, म्हणजे मुक्त सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात, पुन्हा उपस्थित झाला. डेबियन या स्वयंसेवी प्रकल्पाने आपल्या तांत्रिक धोरणाचे लेखन, विलीनीकरण आणि फेरमांडणी कशी केली, याचा ऐतिहासिक आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे. संगणकशास्त्राच्या अभ्यासकांना हा विषय परिचित असला तरी नियमसंहितांचा इतिहास म्हणून त्याकडे क्वचितच पाहिले जाते.

पॅकेजची संकल्पना व नियमांची निकड

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयान मरडॉक याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी डेबियन प्रकल्पाची घोषणा केली. लिनक्स हा संगणकप्रणालीचा गाभा तेव्हा नुकताच उपलब्ध झाला होता. त्याच्याभोवती लागणाऱ्या शेकडो आज्ञावल्या निरनिराळ्या लेखकांनी निरनिराळ्या पद्धतीने लिहिलेल्या होत्या. त्या एकत्र आणून एकसंध प्रणाली तयार करावयाची, आणि हे काम एखाद्या कंपनीने नव्हे तर परस्परांना न भेटलेल्या स्वयंसेवकांनी करावयाचे, अशी ही कल्पना होती.

या कामाचे एकक म्हणजे पॅकेज. एखादी आज्ञावली, तिची सोबतची कागदपत्रे, तिला अन्य कोणत्या आज्ञावल्यांची गरज आहे याची नोंद, आणि ती संगणकावर बसविताना वा काढताना पार पाडावयाच्या सूचना, हे सर्व एका ठराविक रचनेच्या गठ्ठ्यात बांधले जाते. हा गठ्ठा उघडून योग्य जागी ठेवण्याचे काम ‘डीपीकेजी’ नावाची आज्ञावली करते. प्रत्येक पॅकेजचा एक सांभाळकर्ता असतो आणि आपल्या पॅकेजपुरता तो बराचसा स्वतंत्र असतो.

अडचण नेमकी येथेच उद्भवते. एका सांभाळकर्त्याने आपल्या पॅकेजची कागदपत्रे एका जागी ठेवली आणि दुसऱ्याने दुसऱ्या जागी, किंवा दोघांनी एकाच नावाची फाइल आपापल्या पॅकेजमध्ये घातली, तर वापरणाऱ्याच्या संगणकावर दोन्ही पॅकेजे एकत्र नांदू शकत नाहीत. जून १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियनच्या १.१ आवृत्तीत ४७४ पॅकेजे होती. जुलै १९९८ मधील २.० आवृत्तीत ती १५०० हून अधिक झाली आणि सांभाळकर्त्यांची संख्या ४०० च्या पुढे गेली. जुलै २००२ मध्ये ३.० आवृत्ती आली तेव्हा पॅकेजे सुमारे ८५०० होती. अशा विस्तारात केवळ सौजन्याने एकवाक्यता टिकणे शक्य नव्हते. पगार नाही, वरिष्ठ नाही, शिक्षा नाही; एकत्र बांधणारी गोष्ट एकच, ती म्हणजे लिखित नियम.

दोन पुस्तिका

हे नियम लिहिण्याचे श्रेय प्रामुख्याने इयान जॅक्सन याच्याकडे जाते. डीपीकेजीचे सी भाषेतील पुनर्लेखनही त्याचेच. १९९६ मध्ये दोन पुस्तिका आकाराला आल्या. एक धोरणपुस्तिका, तिने पॅकेज कसे असले पाहिजे हे सांगितले. दुसरी पॅकेजिंग पुस्तिका. तिने डीपीकेजीचे साधन कसे चालते आणि पॅकेज प्रत्यक्षात कसे बांधावे हे सांगितले. पुढे ख्रिश्चन श्वार्झ याने धोरणपुस्तिकेचे संपादन केले.

कागदावर ही विभागणी स्वच्छ दिसते. प्रत्यक्षात ती तशी राहिली नाही, कारण साधनाचे वर्णन आणि त्या साधनाच्या वापराचा नियम यांतील सीमारेषा फार अस्पष्ट असते. उदाहरणार्थ, पॅकेज बसविण्यापूर्वी, बसविल्यानंतर, काढण्यापूर्वी आणि काढल्यानंतर चालविल्या जाणाऱ्या चार लघुसंहिता असतात. जुनी आवृत्ती काढून नवी बसविताना मध्येच काही बिघडले, तर यांपैकी कोणती संहिता कोणत्या क्रमाने पुन्हा चालवावयाची, याचा तपशील मोठा गुंतागुंतीचा आहे. हा क्रम म्हणजे डीपीकेजीच्या वर्तनाचे केवळ वर्णन आहे काय? तसे असेल तर डीपीकेजीत बदल झाल्यावर वर्णनही बदलावे लागेल. की तो डीपीकेजी आणि हजारो पॅकेजे यांच्यातील करार आहे? तसे असेल तर डीपीकेजीच्या लेखकालाही तो परस्पर मोडता येणार नाही. लेखन तेच, परंतु ते कोणत्या पुस्तिकेत आहे यावर त्याचा अधिकार ठरतो.

संपादकाच्या अधिकाराचा प्रश्नही याच काळात पुढे आला. एकाच व्यक्तीने संपादन करावयाचे म्हणजे तिच्या पसंतीला कायद्याचे रूप देणे, असा आक्षेप संभवतो. उलटपक्षी, कोणीच संपादक नसेल तर पुस्तिका जुनी होऊन निरुपयोगी ठरते. १९९८ मध्ये मनोज श्रीवास्तव यांनी मांडलेल्या कार्यपद्धतीने यावर तोडगा काढला. दुरुस्तीचा प्रत्येक प्रस्ताव प्रकल्पाच्या दोषनोंदवहीत, जणू धोरणपुस्तिका हेही एक सदोष पॅकेज आहे अशा रीतीने, नोंदवावयाचा. त्याला अन्य सदस्यांनी अनुमोदन द्यावयाचे. आणि संपादकांनी स्वतःचे मत न लादता झालेले मतैक्य पुस्तिकेत उतरवावयाचे. नियमग्रंथालाच दोषनोंदवहीच्या कक्षेत आणणे ही या इतिहासातील सर्वांत उल्लेखनीय गोष्ट मानावी लागेल. डिसेंबर १९९८ मध्ये प्रकल्पाने आपली घटना संमत केली आणि तांत्रिक धोरणाविषयी अंतिम निर्णय देण्याचा अधिकार तांत्रिक समितीला दिला. लवकरच या समितीची कसोटी लागली.

एका निर्देशिकेचे स्थलांतर

आज्ञावल्यांची कागदपत्रे संगणकावर कोठे ठेवावीत, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न. जुन्या मानकानुसार ती ‘यूएसआर’ निर्देशिकेखालील ‘डॉक’ या उपनिर्देशिकेत ठेवली जात. नव्या फाइलरचना मानकाने ती ‘शेअर’ नावाच्या आणखी एका पातळीखाली नेली. कोणत्याही प्रकारच्या यंत्रावर जशीच्या तशी वापरता येणारी सामग्री एकत्र असावी, हे त्यामागील कारण होते आणि ते सयुक्तिकही होते. १९९९ मधील धोरणपुस्तिकेच्या ३.० आवृत्तीने नवे मानक स्वीकारले. पुस्तिकेत बदललेला मजकूर थोडाच होता.

तथापि त्या वर्षी मार्चमध्ये आलेल्या २.१ आवृत्तीत सुमारे २२५० पॅकेजे होती आणि त्यांचे सांभाळकर्ते आपापल्या सवडीने काम करीत. कोणी पॅकेज त्वरित बदलणार, कोणी सहा महिन्यांनी, कोणी कदाचित दोन वर्षांनी. तोपर्यंत वापरणाऱ्याला एका आज्ञावलीचे दस्तऐवज जुन्या जागी आणि दुसरीचे नव्या जागी शोधावे लागणार. सर्वांनी एकदमच बदल करावा, कोणीच तूर्त करू नये, किंवा कोठे तरी दुवा ठेवावा, अशी मते मांडली गेली आणि एकमत होईना. अखेरीस प्रकरण तांत्रिक समितीकडे गेले. नव्या जागी गेलेल्या प्रत्येक पॅकेजने जुन्या जागी एक सांकेतिक दुवा ठेवावा आणि पॅकेज काढताना तो दुवाही काढावा, असा निर्णय समितीने दिला. तो त्याच वर्षी पुस्तिकेत समाविष्ट झाला. म्हणजे प्रत्येक सांभाळकर्त्याला आपल्या लघुसंहितांत काही ओळी घालाव्या लागल्या, आणि संक्रमण संपल्यावर त्या आठवणीने काढाव्याही लागल्या. हे काम पुरे होण्यास पुढे कित्येक वर्षे लागली.

या प्रसंगावरून एक बाब स्पष्ट होते. धोरणाच्या ग्रंथातील वाक्य बदलणे सोपे असते. त्या वाक्यावर विसंबून झालेले काम बदलणे अवघड असते. धोरणपुस्तिकेने शक्यतो रूढ झालेल्या चांगल्या प्रथेची नोंद करावी, तिने नवी प्रथा जन्माला घालण्याच्या भरीस पडू नये, असा जो संकेत प्रकल्पात बळावला त्याचे मूळ अशा अनुभवांत असावे. अर्थात याची दुसरी बाजूही आहे. प्रथेच्या मागून चालणारा नियम वाईट प्रथाही निमूटपणे लिहून घेतो, आणि लिहिली गेली की ती पवित्र ठरते.

विलीनीकरण

पॅकेजिंग पुस्तिका आणि धोरणपुस्तिका यांच्यातील द्विरुक्ती दिवसेंदिवस वाढत गेली. एकच बाब दोन्हीकडे किंचित वेगळ्या शब्दांत सांगितलेली असे, आणि कोणते शब्द प्रमाण मानावेत हे सांगणे कठीण होई. २००१ च्या सुमारास पॅकेजिंग पुस्तिका स्वतंत्र ग्रंथ म्हणून कालबाह्य ठरविण्यात आली व तिचा मजकूर अन्यत्र वाटण्यात आला. नियंत्रक फाइलींतील रकाने, लघुसंहितांचा क्रम, पॅकेजांमधील परस्परावलंबन हे विषय धोरणपुस्तिकेच्या मुख्य भागात आले. काही भाग ‘विकसक संदर्भिका’ या सल्लास्वरूपाच्या ग्रंथाकडे गेला. नवशिक्यांसाठी वेगळी मार्गदर्शिका होतीच. अशा रीतीने नियम, सल्ला आणि प्राथमिक पाठ अशी तीन स्तरांची रचना तयार झाली. ती मूळच्या दोन पुस्तिकांहून अधिक विवेकी होती, यात शंका नाही.

परंतु वाटणी पुरी झाली नाही. जो मजकूर मुख्य भागात बसेना आणि टाकूनही देता येईना, तो धोरणपुस्तिकेच्या शेवटी परिशिष्टांच्या रूपाने जोडण्यात आला. मांडणी-फाइलींची हाताळणी, एकाच कामाच्या पर्यायी आज्ञावल्यांची व्यवस्था, एका पॅकेजची फाइल दुसऱ्यासाठी बाजूला सारण्याची सोय, असे विषय त्यांत आहेत. या परिशिष्टांच्या आरंभी एक निवेदन आहे. हा भाग जुन्या पॅकेजिंग पुस्तिकेच्या ३.२.१.० आवृत्तीतून जवळजवळ जसाच्या तसा घेतला आहे, यातील बहुतेक मजकूर धोरण नसून साधनाची माहिती आहे, तो मुख्य पुस्तिकेशी जुळतो की नाही हे अद्याप तपासलेले नाही, आणि विसंगती आढळल्यास मुख्य भाग प्रमाण मानावा, असा त्याचा आशय आहे. जुन्या पुस्तिकेतील काही निसटले आहे काय हेही बारकाईने पाहिलेले नसून दोन्ही कामे यथावकाश केली जातील, अशी पुस्ती त्याला जोडलेली आहे.

इतके प्रांजळ निवेदन नियमग्रंथांत विरळाच आढळते. शासकीय संहितांमध्येही जुने भाग असेच मागे राहतात. फरक एवढाच की तेथे कोणी तसे लिहून ठेवीत नाही. तरीही निवेदनाने प्रश्न सुटत नाही. परिशिष्ट वाचणारा नवा सांभाळकर्ता ते धोरणपुस्तिकेच्या मुखपृष्ठाखालीच वाचतो. ग्रंथाचा अधिकार पानागणिक बदलतो हे त्याच्या ध्यानात येईलच असे नाही. पुस्तिका एक केल्याने द्विरुक्ती कमी झाली, हे खरे. मात्र पूर्वी ‘हे कोणत्या पुस्तिकेत आहे’ एवढ्या प्रश्नाने जो निवाडा होत असे, तो आता ग्रंथाच्या अंतर्गत खुणांवर सोपवावा लागला.

क्रियापदांची प्रतवारी

या अंतर्गत खुणा म्हणजे क्रियापदे. ‘केलेच पाहिजे’, ‘करावे’ आणि ‘करता येईल’ या तीन श्रेणींसाठी इंग्रजीतील तीन सहायक क्रियापदे धोरणपुस्तिकेत ठराविक अर्थाने योजण्यात आली. पहिल्या श्रेणीचा भंग करणारे पॅकेज सर्वसाधारणपणे वितरणास अपात्र समजले जाते. दुसऱ्या श्रेणीचा भंग हा दोष असतो, पण त्यापायी पॅकेज वगळले जात नाही. तिसरी श्रेणी ऐच्छिक आहे. आंतरजालाच्या मानकांसाठी मार्च १९९७ मध्ये स्कॉट ब्रॅडनर याने अशाच शब्दांच्या व्याख्या प्रसिद्ध केल्या होत्या. मात्र आपण हे शब्द त्या अर्थाने वापरीत नाही, असा खुलासा डेबियनच्या पुस्तिकेत मुद्दाम केलेला आहे.

यामुळे एका क्रियापदाला विलक्षण वजन प्राप्त झाले. ‘करावे’च्या जागी ‘केलेच पाहिजे’ आले की काल निर्दोष असलेले एखादे पॅकेज आज गंभीर दोषाचे धनी होते. सांभाळकर्त्याने वेळीच दुरुस्ती केली नाही तर पुढील आवृत्तीतून ते गळू शकते, आणि त्याच्यावर अवलंबून असलेली इतर पॅकेजेही धोक्यात येतात. कोणा स्वयंसेवकाची वर्षानुवर्षांची विनामूल्य मेहनत अशी एका शब्दावर टांगलेली असते. धोरणपुस्तिका हा सहकाऱ्यांना झोडपण्याचा दंडुका नव्हे, असे प्रकल्पातील ज्येष्ठांना वारंवार सांगावे लागले ते याचमुळे. आवृत्ती प्रसिद्ध करणाऱ्या गटाने तर कोणता भंग खरोखर अडवणुकीस पात्र आहे याची स्वतःची वेगळी यादी ठेवली. नियमग्रंथाशेजारी अंमलबजावणीचा दुसरा ग्रंथ तयार झाला, म्हणजे एका अर्थाने दोन पुस्तिकांची स्थिती दुसऱ्या वाटेने परत आली.

आवृत्तिक्रमांकाची योजनाही येथे नमूद करण्यासारखी आहे. पुस्तिकेचा क्रमांक चार अंकांचा असतो. पहिले तीन अंक बदलले तर नियमाच्या आशयात बदल झाला असे समजावयाचे. चौथा अंक केवळ शुद्धलेखन, भाषा वा मांडणी यांतील दुरुस्तीचा. प्रत्येक पॅकेज आपण पुस्तिकेच्या कोणत्या आवृत्तीनुसार तपासले गेलो आहोत हे एका रकान्यात जाहीर करते, आणि त्यासाठी पहिले तीन अंक पुरेसे असतात. दोन आवृत्त्यांमध्ये काय बदलले याची पडताळणी-सूची वेगळी दिलेली असते. सांभाळकर्त्याने ती सूची पाहून, आपले पॅकेज तपासून, मगच रकान्यातील अंक वाढवावयाचा. संपूर्ण ग्रंथ दर वेळी नव्याने वाचण्याची गरज राहत नाही.

फेरमांडणी करणाऱ्यांपुढील खरी अडचण या योजनेतून दिसते. प्रकरणांचा क्रम बदलला, परिच्छेद हलविला, दोन वाक्ये जोडली, तरी ‘हा चौथ्या अंकाचा बदल आहे’ असे म्हणताना आशयाला धक्का लागलेला नाही याची जबाबदारी संपादकावर येते. कलमांचे क्रमांक बदलले की दोषनोंदवहीतील जुन्या नोंदी, चर्चा आणि टिपा यांतील संदर्भ निरर्थक होतात. पडताळणी-सूचीतील फार जुन्या बदलांबाबत कलमांचे क्रमांक आजच्या पुस्तिकेशी जुळतीलच असे म्हणता येत नाही. सातबाराच्या नमुन्याचा क्रमांक टिकून राहण्याचे मोल येथे उमगते. शंभर वर्षांपूर्वीचा फेरफार आजही नमुना सहामध्येच शोधता येतो.

भारतीय संदर्भ

डेबियनच्या नियमांचा प्रभाव त्या प्रकल्पापुरता राहिलेला नाही. ऑक्टोबर २००४ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेली आणि पुढे महाविद्यालयीन प्रयोगशाळांत लोकप्रिय ठरलेली उबंटू ही प्रणाली डेबियनवर आधारित आहे. सी-डॅक या भारतीय संस्थेने चेन्नई येथे विकसित केलेली ‘बॉस’ ही प्रणालीही डेबियनवरच उभारली गेली. फेब्रुवारी २००९ मधील डेबियन ५.० आवृत्तीच्या स्थापना-आज्ञावलीत मराठीचा समावेश झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये प्रकल्पाची वार्षिक परिषद कोची येथे, म्हणजे प्रथमच भारतात, भरली. वसई-विरार परिसरातील एखाद्या महाविद्यालयात उबंटू बसविलेल्या संगणकावर विद्यार्थी नवी आज्ञावली घेतो, तेव्हा तिची कागदपत्रे कोठे जाऊन पडतात आणि ती काढल्यावर काय शिल्लक राहते, हे बव्हंशी १९९६ पासून लिहिल्या जात असलेल्या त्या पुस्तिकेने ठरविलेले असते.

अलीकडील फेरमांडणी

२००८ नंतर रस ऑल्बेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुस्तिकेच्या संपादनाला पुन्हा गती दिली. प्रस्तावाचा प्रवास निश्चित टप्प्यांत बांधला गेला : प्रश्नाची नोंद, चर्चा, प्रस्ताव, नेमका शब्दपाठ आणि त्यावर अनुमोदन. अनुमोदन कल्पनेला नव्हे, शब्दपाठाला द्यावयाचे, हा त्यातील कळीचा मुद्दा. शब्दांच्या प्रतवारीचा इतिहास लक्षात घेता तो अपरिहार्यच म्हणावा लागेल.

मूळ पुस्तिका डेबियनने स्वतःपुरत्या निर्माण केलेल्या एका खुणापद्धतीत लिहिलेली होती. ती पद्धती जाणणारे लोक कमी होत गेले आणि दुरुस्तीचा शब्दपाठ देणेच नवागतांना अवघड होऊ लागले. प्रथम डॉकबुक या अधिक प्रचलित पद्धतीत आणि मग २०१७ मध्ये, शॉन व्हिटन यांच्यासह नव्या संपादकांच्या काळात, साध्या मजकुराप्रमाणे वाचता येणाऱ्या खुणापद्धतीत तिचे रूपांतर झाले. या रूपांतराने नियम बदलला नाही. नियमाला दुरुस्ती सुचविण्याचा उंबरठा तेवढा खाली आला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ६९ हजारांहून अधिक पॅकेजे आहेत. १९९६ मधील ४७४ पॅकेजांसाठी बांधलेली चौकट, डागडुजी होत होत, त्या सर्वांना पुरली आहे.

जुन्या पॅकेजिंग पुस्तिकेची परिशिष्टेही या रूपांतरातून नव्या खुणापद्धतीत आली. त्यांच्या आरंभीचे, तपासणी यथावकाश केली जाईल असे सांगणारे निवेदनही त्यांच्यासोबत आले.